क्रूझवरून चीनमधल्या शियामेनला उतरायचंय? आज्जी-आजोबा आणि पोराबाळांना घेऊन एक दिवस कसा काढायचा

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. क्रूझच्या कागदावर 'शियामेन, सकाळी ८ ते संध्याकाळी ६' असं छापलेलं असतंय ना, ते जहाजाचं टाइमटेबल आहे, तुमचं नाही. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे लगेच दार उघडलं असं होत नाही, चीनच्या अधिकाऱ्यांचं क्लिअरन्स झाल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत, मग जहाजाची टूर घेतलेल्यांचा नंबर, मग बाकीच्यांचा, मग इमिग्रेशनची लाइन, आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या अर्धा ते एक तास आधी सगळे आत पाहिजेत. म्हणजे दहा तासांतले हातात राहतात सहा, लय झालं तर साडेसहा. त्यात गुडघेदुखीवाली आज्जी, वेळेवर जेवायला लागणारे शुगरवाले अण्णा आणि सारखं बाथरूम मागणारं पोरगं असलं की पाचच धरा. पाच तासांत चीन बघून होत नसतो. एक बेट होतं, एकदा निवांत जेवण होतं, थोडी खरेदी होते, एवढं जमलं तरी दिवस वसूल.

दुबई-थायलंड झालं की आपल्याकडची मंडळी आता क्रूझकडं वळायलेत. हाँगकाँग, शांघायकडच्या क्रूझमध्ये मधे एखादा दिवस शियामेनचा असतो, आणि नात्यातले, शेजारचे सगळे एकच विचारायलेत, की जहाजाची टूर घ्यायची का आपलं आपण फिरायचं. माझं मत असं, की शियामेन असेल आणि हातात स्वतःचा व्हिसा असेल तर आपलं आपण फिरा. शांघाय किंवा तिआनजिन असेल तर गुमान टूर घ्या.

कारण साधं आहे, अंतर. शांघायला मोठी जहाजं गावात येतच नाहीत, यांगत्से आणि ह्वांगपू नद्या जिथं मिळतात तिथल्या वुसोंगकौ टर्मिनलला लागतात, तिथून ते फोटोत दिसणारं 'बंड', म्हणजे नदीकाठचा जुन्या इमारतींचा रस्ता, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि ट्रॅफिक लागलं की देवाचं नाव घ्यायचं. तिआनजिनला 'बीजिंग' म्हणून विकतात, पण धक्क्यापासून बीजिंग दीडशे किलोमीटरच्या वर आहे, ग्रेट वॉल त्याच्याही पुढं. शियामेनचं तसं नाही. शियामेन शहरच बेटावर आहे, जहाज शहराला चिकटून दोंगदू भागातल्या क्रूझ टर्मिनलला लागतं, आणि बघण्यासारखं जे मेन आहे ते गुलांग्यू बेट, त्याच्या बोटी त्याच टर्मिनलच्या शेजारून सुटतात. एवढं सोयीचं बंदर पूर्ण चीनमध्ये शोधून सापडणार नाही असं माझं म्हणणं, कुणाला पटो न पटो.

आता व्हिसा. इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो. ते जे यूट्यूबवर सांगतात, २४० तास व्हिसाफ्री ट्रान्झिट वगैरे, त्या देशांच्या यादीत भारत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यानं सांगितलं म्हणून विसंबू नका, त्याच्याकडं अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्याची गोष्ट वेगळी. दुसरी एक सवलत आहे, १५ मे २०२४ पासून क्रूझनं येणाऱ्या परदेशी ग्रुपना, ग्रुप म्हणजे दोन किंवा जास्त माणसं, १३ बंदरांवर व्हिसाशिवाय उतरता येतं, त्यात शियामेन आहे. पण अट अशी की तो ग्रुप चीनमधल्या ट्रॅव्हल एजन्सीनं काढलेला पाहिजे, ग्रुपनं एकत्रच राहायचं आणि त्याच जहाजानं पुढं जायचं. म्हणजे त्या सवलतीवर गेलात तर एजन्सीच्या झेंड्यामागं चालायचं, आपलं आपण फिरायचं विसरा. आणि ती सवलत तुमच्या क्रूझला, तुमच्या पासपोर्टला लागू आहे का हे एजंटच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका, क्रूझ कंपनीकडनं ईमेलवर लिहून घ्या. काही कंपन्या तर तुम्ही खाली उतरणार नसलात तरी व्हिसा बघितल्याशिवाय जहाजावर चढू देत नाहीत.

व्हिसा मुंबईच्या चायनीज व्हिसा सेंटरमधून होतो, सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबईत, काम उरकून परत. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो भरताना एक गोष्ट बघा, तुमचं जहाज चीनच्या दोन बंदरांना थांबतंय आणि मधे हाँगकाँग, जपान किंवा कोरिया आहे का. असेल तर डबल एंट्री मागा. हाँगकाँग चीनचंच असलं तरी इमिग्रेशनच्या हिशोबानं तिथं गेलं की मेनलँडमधून, म्हणजे मुख्य चीनमधून, बाहेर पडल्यासारखं धरतात, आणि सिंगल एंट्री तिथंच संपते. हाँगकाँगला उतरायचं असेल तर त्यांचं वेगळं प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन असतं, ऑनलाइन आणि फुकट, ते घरूनच करून प्रिंट घ्या. प्रिंट म्हणजे कागदावर. फोनमध्ये आहे म्हणू नका, आज्जीचा फोन कुणाकडं असतो ते तुम्हाला माहितीय.

पुढचं काम पैशाचं, आणि हे सोलापुरात बसूनच करायचं, जहाजावर गेल्यावर नाही. चीनमध्ये भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे क्यूआर स्कॅन करतात, पण आपलं यूपीआय तिथं चालत नाही. अलीपे नावाचं ॲप घ्या, त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडता येतं, रुपे कार्डाच्या भरवशावर राहू नका. पासपोर्टचा फोटो टाकून ओळख पटवावी लागते, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार चालू करावे लागतात, आणि ओटीपी आपल्या भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून म्हणलं घरीच करा. २०० युआनच्या आतलं पेमेंट असलं की अलीपे वेगळा चार्ज लावत नाही, वर गेलं की ३ टक्के लागतात, त्यामुळं सगळ्या खानदानाचं बिल एकदम भरायची हौस असेल तर विचार करा. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये. घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये अलीपे पाहिजे, कारण एकाची बॅटरी संपली की सगळा परिवार रस्त्यावर उभा. शिवाय चार-पाचशे युआन रोख, सुट्ट्या नोटांत. रोख नाकारायची नाही असा तिथला नियमच आहे, पण सुट्टे परत द्यायला दुकानदार इकडं-तिकडं बघतो.

इंटरनेट. व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, यूट्यूब, इन्स्टा तिथल्या वायफायवर उघडत नाही. टर्मिनलचं फुकट वायफाय मिळालं म्हणून खूश होऊ नका, फॅमिली ग्रुपवर 'गुड मॉर्निंग फ्रॉम चायना' जाणार नाही. आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर चालतं, कारण ते नेट आपल्याकडच्या कंपनीवरून फिरून येतं, बाहेरच्या देशाचं ई-सिम घेतलं तरी तसंच. एका फोनवर रोमिंग आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट, एवढं पुरतं. मॅपसाठी गूगल मॅप तिथं भलतीकडंच दाखवतो, आयफोनवाल्यांचा ॲपल मॅप बरा चालतो, नाहीतर ॲमॅप हे चिनी मॅपचं ॲप घ्या. टॅक्सीसाठी 'दीदी' नावाचं ॲप, ते अलीपेच्या आतच सापडतं, वेगळं डाउनलोड नको.

आणि एक, फोनमध्ये चार फोटो काढून ठेवा: जहाजाचा, टर्मिनलच्या नावाच्या बोर्डाचा चिनी अक्षरांसकट, जहाजाच्या रोजच्या पेपरवर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरावरच्या माणसाचा, नंबर असतो त्याचा, आणि 'मी शाकाहारी आहे, मांस, मासे, अंडं, डुकराची चरबी नको' असं चिनीत लिहिलेल्या कार्डाचा. हे कार्ड जहाजाच्या रिसेप्शनवर कुणी चिनी मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडनं लिहून घ्या. ट्रान्सलेटर ॲप चालतं, पण गर्दीत हॉटेलवालीपुढं फोन धरून बोलण्यापेक्षा कार्ड दाखवणं लवकर होतं.

आता उतरायचा दिवस.

आदल्या रात्री रिसेप्शनला दोन प्रश्न विचारायचे. पासपोर्ट आमच्याकडं राहणार का तुम्ही ठेवणार, कारण गुलांग्यूच्या बोटीचं तिकीट नावानिशी निघतं, पासपोर्ट दाखवायला लागतो. आणि जहाजाचं घड्याळ आणि शियामेनचं घड्याळ एकच आहे का. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे, पूर्ण देशाला एकच वेळ, पण जहाज कधी कधी स्वतःची वेगळीच वेळ चालवतं. फोन जमिनीवरची वेळ दाखवतो, परत यायची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळावर असते. घरातल्या एकाच्या हातात साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा, आजोबांना ही ड्युटी द्या, ते खूश होतात आणि पाच-पाच मिनिटाला सगळ्यांना सांगत राहतात.

नाश्ता जहाजावर पोटभर करा. पण बुफेतली केळी, सफरचंद, उकडलेली अंडी पर्समध्ये टाकून खाली नेऊ नका, ताजी फळं, मांस, अंडी, दूध-दही चीनमध्ये न्यायला बंदी आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी तुम्ही घरून आणली असणारच, ती जहाजावरच्या दिवसांसाठी ठेवा, खाली न्यायचं तर बिस्किटाचा सीलबंद पुडा बरा.

इमिग्रेशनला १४ ते ७० वयाच्या परदेशी माणसांचे बोटांचे ठसे घेतात. लहान पोरं आणि सत्तरीच्या वरची आज्जी त्यातनं सुटतात. ज्यांचे ठसे उमटत नाहीत, म्हणजे आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बायकांचे बऱ्याचदा उमटत नाहीत, त्यांना दोन-तीनदा करायला लावतात, घाबरायचं काही नाही, ओला टिश्यू जवळ ठेवा.

टर्मिनलमधून बाहेर आलं की टॅक्सीवाले, फोटो दाखवणारे टूरवाले अंगावर येतील. 'तुलोउ, तुलोउ' म्हणून गोल मातीच्या वाड्यांचे फोटो दाखवतील. ते फुजियानचे तुलोउ खरंच भारी आहेत, एकेका वाड्यात पूर्ण भावकी राहायची, २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेले, पण एका बाजूचाच प्रवास अडीच-तीन तासांचा आहे. तुमच्या पाच तासांत तिथं पोचून फक्त वळून यायचं. मान हलवून पुढं चला, गुलांग्यूच्या बोटीचा टर्मिनल विचारा.

बोटीचं जाऊन-येऊन तिकीट साधं ३५ युआनच्या आसपास आहे, पोरांचं वय किंवा उंचीप्रमाणं कमी किंवा फुकट. बेटावर रोज किती लोक सोडायचे याला मर्यादा आहे, त्यामुळं एक मे आणि एक ऑक्टोबरच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात किंवा त्यांच्या नवीन वर्षाला तिकीट मिळणं अवघड, तेव्हा जहाज त्या तारखांना येत असेल तर आधीच एखाद्या एजन्सीकडनं काढून ठेवा. बाकी दिवशी सकाळी लवकर गेलं की खिडकीवर मिळतं. दोन धक्क्यांच्या बोटी असतात, सानछ्योत्येन आणि नेइत्स्वोआओ. फॅमिली असेल तर सानछ्योत्येन, कारण बाजार, खाणं, बाथरूम सगळं तिथनं जवळ. वीसेक मिनिटांत पोचता.

गुलांग्यू म्हणजे दोन चौरस किलोमीटरपेक्षाही थोडं लहान बेट. मोटारी नाहीत, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. ज्याचं आयुष्य नवी पेठेतल्या बाईकच्या गर्दीतनं पोराचा हात घट्ट धरून चालण्यात गेलंय त्याला पहिली पंधरा मिनिटं विश्वासच बसत नाही, पोरं मोकळी सोडली तरी चालतात. १८४२ च्या नानजिंग तहानं इंग्रजांनी जी पाच बंदरं उघडून घेतली त्यातलं शियामेन एक, तेव्हाचं त्याचं नाव अमॉय, आणि मग गोऱ्यांनी राहायला हे समोरचं बेट धरलं, १९०३ पासून ते रीतसर इंटरनॅशनल सेटलमेंट, म्हणजे परदेशी लोकांच्या कारभाराखालची वस्ती, झालं. कॉन्सुलेट, चर्च, शाळा, हॉस्पिटल, आणि परदेशात पैसा कमावून परत आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे बंगले. पोलिसांत तर आपल्याकडनं नेलेले शीख शिपाई होते. २०१७ मध्ये हे बेट युनेस्कोच्या यादीत आलं. बंगल्यांच्या व्हरांड्यांत युरोपचे खांब आणि वर चिनी कौलं असला मिलाफ आहे, बघायला मजा येते, पण प्रत्येक बंगल्याचं तिकीट काढायच्या फंदात पडू नका, बाहेरनंच बघण्यासारखे आहेत.

चढ-उतार मात्र आहेत. गल्ल्या अरुंद आणि वर-खाली, व्हीलचेअरला सगळीकडं जमत नाही. आज्जी-आजोबांसाठी बेटाला कडेकडेनं चक्कर मारणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत, त्यात बसवा, समुद्र एका बाजूला, बंगले दुसऱ्या बाजूला, सावलीत बसून सगळं बेट होतं. तरण्यांना त्या वेळात सनलाइट रॉकवर चढून यायचं असेल तर या, बेटावरची सगळ्यात उंच जागा, ९२ मीटरच्या वर, पायऱ्या खड्या आहेत, वरनं शियामेनच्या उंच बिल्डिंगी आणि खाली लाल कौलं असं दिसतं. तिकीट वेगळं आहे आणि वर जागा लहान आहे त्यामुळं लाइन लागते, लाइन लांब दिसली तर सोडून द्या, हे मी मनापासून सांगतोय.

त्यापेक्षा शूजुआंग बागेत जा. १९१३ ची बाग आहे, समुद्रात घुसलेला वाकडातिकडा पूल, पाण्याला लागून बसायला जागा, आणि आतच पियानो म्युझियम. मिशनऱ्यांच्या शाळा-चर्चमुळं या बेटावर घरोघरी पियानो आले, पियानो बेट म्हणूनच ओळखतात, म्युझियम २००० साली उघडलं, हू योयी नावाच्या इथंच जन्मलेल्या संग्राहकानं ऑस्ट्रेलियातनं आपले जुने पियानो आणून दिले. पोरांना वाजवायला मिळत नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आत जाऊन रडारड. बाग आणि म्युझियम एकाच तिकिटात होतं. कंटाळलेल्या माणसांसाठी खाली छोटा बीच आहे.

जेवण. आपल्या सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी घरं भरपूर, त्यामुळं हा भाग नीट वाचा. लोंगतौ रोड म्हणून बेटावरचा बाजार आहे, तिथं खाण्याचे स्टॉल एकाला एक लागून, आणि वास चांगला येतो म्हणून काहीही तोंडात टाकू नका. शाछा नूडल्सचा रस्सा लालसर, शेंगदाण्याचा, बघितलं की वाटतं आपलीच शेंगांची आमटी, पण त्यात सुकी कोळंबी असते. मूग भरलेली गोल पेस्ट्री मिळते, डब्यात पॅक करून भेटीला नेतात, दिसायला एकदम सोज्वळ, पण बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत करतात, कार्ड दाखवून विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑम्लेट दिसलं तर ते बहुतेक कालवांचं. आणि एक पारदर्शक जेलीची वाटी असते, आत काहीतरी लांबट दिसतं, ते समुद्री किडे असतात. मांसाहारी लोकांनी जरूर खाऊन बघावं, मी कुणाच्या ताटात बघत नाही. सामिष खाणाऱ्यांसाठी शियामेन म्हणजे माशांचा दरबार आहे, फक्त टाकीतला जिवंत मासा बोटानं दाखवायच्या आधी त्याचा भाव किलोचा आहे का अर्ध्या किलोचा ते विचारा, तिथं वजनाचं माप 'जीन' असतं, म्हणजे अर्धा किलो.

शाकाहारी माणसाला डोळे झाकून चालणारी गोष्ट म्हणजे शेंगदाण्याचं गोड सूप. शेंगदाणे तासन् तास शिजवून लोण्यासारखे मऊ केलेले, साखर घातलेलं, गरम गरम. शेंगदाण्याची चटणी, आमटी, पोळी, चिक्की सगळं खाल्लेल्या सोलापूरकराला हे एक राहिलेलंच असतं. वाटी घेताना वर अंडं फोडून घालतात का ते बघा, काही जण तसं मागतात, तुम्ही 'नको' म्हणा. बाकी फळं घ्या, आंबा, ड्रॅगन फ्रूट, कापून देतात. आंब्याबद्दल तक्रार ऐकून घेणार नाही, हापूसशी तुलना करायला तिथं गेला नाहीत.

पण नीट बसून जेवायचं असेल तर मी बेटावर थांबणारच नाही. साडेबाराची-एकची बोट धरून परत या आणि टॅक्सीनं नानपुतुओ मंदिराकडं जा. बौद्ध मंदिर आहे, मागं डोंगर, शेजारी शियामेन युनिव्हर्सिटी, जी १९२१ मध्ये तान काह की या परदेशात रबराच्या धंद्यात पैसा कमावलेल्या माणसानं काढली. मंदिरात प्रवेशाला पैसे नाहीत, आणि मंदिराचं स्वतःचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, चांगलंच नावाजलेलं. बौद्ध पद्धतीचं जेवण म्हणजे कांदा-लसूणही नाही, त्यामुळं जैन मंडळींचीही बरीच सोय होते, कंदमुळं आहेत का ते मात्र विचारून घ्या. फक्त ताटात मटणाच्या तुकड्यासारखं, माशासारखं दिसणारं काहीतरी येईल, आज्जी दचकेल, तो सोयाबीन नाहीतर गव्हाच्या ग्लूटेनचा प्रकार असतो, चिनी स्वयंपाक्यांना असलं सोंग आणायची फार हौस. तिखट काहीच नसतं. शेंगा चटणीची छोटी डबी पर्समध्ये आली असेल तर आता ती निघणार हे मला माहितीय, काढा, पण टेबलाखाली नको, वर ठेवा, वाढपी मुलींना चव द्या. पाणी मागितलं की गरमच येतं, सगळीकडं, चहाच्या पेल्यात. सर्दीवाल्या मंडळींना बरं. नळाचं पाणी पिऊ नका, सीलबंद बाटली घ्या. आणि टिश्यू पेपर खिशात ठेवाच, बाथरूममध्ये बऱ्याचदा नसतो, बैठे संडास असतात, आजोबांना त्यातनं उठायला हात द्यायला कुणीतरी सोबत पाठवा.

लोक आपल्याकडं बघतात, साडीकडं तर हमखास. फोटो मागतात. 'यिंदू?' असं विचारलं की इंडियाबद्दल विचारायलेत. अशा वेळी मी म्हणतो सोलापूरकरानं आपलं हुकमी पान टाकावं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली आपल्या गावात जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातनं बोटीनं चीनला गेले, ग्वांगझूला उतरले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात त्यांचं स्मारक आहे, आपल्याकडं भय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे. चीनमध्ये त्यांचं नाव 'क दीहुआ'. निघायच्या आधी पोरांना भय्या चौकातलं स्मारक दाखवून आणा, त्यांच्या फोटोचा एक फोटो फोनमध्ये ठेवा, आणि तिथं कुणी म्हातारे आजोबा भेटले की दाखवा आणि हे नाव घ्या. तरुण पोरांना माहीत असेलच असं नाही, म्हाताऱ्यांचा चेहरा बघा. आणि पर्समध्ये दोन-चार सोलापुरी नॅपकिन ठेवलेले असू द्या, कुणी मदत केली, पोराला उचलून घेतलं, रस्ता दाखवला तर द्यायला. टीप देण्यापेक्षा ते बरं दिसतं, टीपची पद्धत तिथं तशी नाहीच.

जेवून वेळ उरला तर जुन्या भागातला झोंगशान रोड, खाली दुकानं, वर घरं, आणि दुकानांपुढं कमानींचा झाकलेला फुटपाथ, पाऊस असो ऊन असो फिरता येतं. कपडे, खेळणी फार घेऊ नका, चहा घ्या. तिएगुआनयिन म्हणून ऊलाँग चहा शियामेनच्या शेजारच्या आनशीचा आहे. दुकानात बसवून फुकट चाखायला देतात, ते तिथं नेहमीचं आहे, घेतलंच पाहिजे असं नाही. पण रस्त्यात कुणी गोड बोलून 'चला, चहाचा कार्यक्रम दाखवते' म्हणून लांब नेत असेल तर जाऊ नका, चीनच्या मोठ्या शहरांत हा जुना धंदा आहे, शेवटी बिल बघून चक्कर येते. चहा एकेका वेळेच्या सात-आठ ग्रॅमच्या छोट्या सीलबंद पुड्यांत मिळतो, वाटायला सोपा. दूध-साखर घालून उकळू नका एवढं ज्याला देताय त्याला सांगा, तरी तो उकळणारच.

हवामानाचं सांगायचं तर उन्हाचं आपल्याला काय कौतुक, पण तिथली हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळं पोरं आणि म्हातारी लवकर थकतात. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, तेव्हा गुलांग्यूच्या बोटी बंद होऊ शकतात, जहाज कधी बंदरच टाळून पुढं जातं. बेट बंद असेल तर नानपुतुओ आणि झोंगशान रोड एवढाच दिवस धरा. तोफांची आवड असलेल्यांना हुलीशान किल्ला आहे, तिथं जर्मनीच्या क्रुप कंपनीची अगडबंब तोफ आहे, बास.

परतीचा हिशोब उलटा मांडा. जहाजात शिरायची शेवटची वेळ पाच असेल तर चारला टर्मिनलच्या दारात, म्हणजे सव्वातीनला टॅक्सीत. गावातनं टर्मिनल जवळ आहे, पण शाळा-ऑफिस सुटायच्या वेळी टॅक्सी मिळत नाही आणि सहा-सात जणांना दोन गाड्या लागतात. दोन गाड्या केल्या की प्रत्येक गाडीत एक अलीपेवाला फोन आणि टर्मिनलचा फोटो पाहिजे. टॅक्सी नाहीच मिळाली तर मेट्रोच्या २ नंबर लाइनला क्रूझ सेंटर नावाचं स्टेशन आहे. ही लाइन पुढं समुद्राखालच्या बोगद्यातनं पलीकडं हाइत्सांगला जाते, तेव्हा पोरांनी हट्ट केला तरी त्या बाजूला नका जाऊ, क्रूझ सेंटरलाच उतरा. बेटावरूनच थेट जहाजाकडं येणार असाल तर बोटीत चढायच्या आधी तिथल्या माणसाला टर्मिनलच्या बोर्डाचा फोटो दाखवा, कारण संध्याकाळच्या बोटी दुसऱ्या, झोंगशान रोडजवळच्या धक्क्याला जातात.

जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच्या स्वतःच्या टूरची बस अडकली तर थांबतं, आपलं आपण फिरणाऱ्यांसाठी नाही. काही अडलंच तर पोर्ट एजंटचा नंबर लावायचा, पोलिसांना ११०, ॲम्ब्युलन्सला १२०. शुगर-बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि पासपोर्ट रूमवर ठेवून उतरायचं नाही, दिवसभर अंगावरच.

आत शिरताना सगळ्या पिशव्या पुन्हा मशिनमधून जातात. दारूची बाटली घेतली असेल तर बहुतेक जहाजांवर ती जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात, सुरी-कात्री आठवण म्हणून घेतली असेल तर तीही. चारनंतर ही लाइन वाढत जाते, म्हणून आज्जी-आजोबांना आणि पोरांना घेऊन एकानं आधी आत जायचं, चहावाल्या दुकानात रेंगाळणारे मागनं येतील.